कवळीवरचे ओरखडे

किडलेल्या दाढेत चांदी किंवा सिमेंट भरून घेतलेला एखादा मुलगा तुमच्या वर्गात असेलच. दाढ भरल्यावर डॉक्टर तो भाग फिरत्या यंत्राने घासून गुळगुळीत करतात. कशासाठी? केवळ दात चमकावा म्हणून नव्हे.

आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरातील कापडव्यापारी लेव्हेनहुक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर खरवडून भिंगाखाली पाहिला. त्यात त्याला हालचाल करणारे जीव दिसले! १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले.

हे जीव दाताला चिकटतात कसे? दात असो, चांदी असो किंवा कवळी असो, तिच्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. जंतू त्या पापुद्र्याला चिकटतात. जागा गुळगुळीत असेल, तर लाळ, जीभ आणि ब्रश त्यांना लवकर हटवतात. मात्र ओरखडा असला की वादळात भिंतीआड उभे राहावे तसे जंतू त्यात सुरक्षित राहतात आणि वाढतात. खडबडीतपणा सरासरी ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जास्त झाला, की जंतूंचा थर वाढतो, असे संशोधकांना आढळले आहे. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकडा फारच लहान वाटतो ना? पण जंतू तरी केवढे! बहुतेक जेमतेम १ मायक्रोमीटरचे.

आता तुमच्या दादीची किंवा नानीची कवळी आठवा. ती बहुधा ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक दातापेक्षा पुष्कळ मऊ असते. राखेने, मिसरीने किंवा खरखरीत दंतमंजनाने ती घासली, तर स्वच्छ दिसते खरी. पण तिच्यावर बारीक ओरखडे पडतात. तिची टाळूकडची बाजू मुळातच कमी गुळगुळीत असते आणि तिथे लाळही कमी पोहोचते. तिथे कँडिडा नावाची बुरशी घर करते. मग टाळू लाल होतो. पुष्कळदा तो दुखत नाही, म्हणून कोणी लक्षच देत नाही.

दादीची कवळी मऊ ब्रशने व साध्या साबणाने धुऊन द्या. नंतर ती चांगली खळबळून घ्या. रात्री ती तोंडातून काढून साध्या पाण्यात ठेवायला सांगा. उकळते पाणी मात्र नको. त्याने कवळी वाकडी होते आणि पुन्हा नीट बसत नाही.