मराठी अक्षरदोषांचे निदान

‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. रफार व ‘ऱ्य’मधील अर्धा ‘र’ यांची गल्लत झाली की दस्तऐवजाचा अर्थच पालटतो. म्हणून लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत प्रणालीत मराठी मजकूर सदोष उमटल्यास दोषाचे मूळ क्रमाने शोधावे.

२०१७ साली निघालेल्या ५.३ या आवृत्तीपासून तीत अक्षरजुळणीचे कार्य हार्फबझ हा घटक करतो. टंकित वर्णांचा क्रम व फाँटमधील नियम पाहून तो जोडाक्षर घडवितो. प्रथम तोच मजकूर दुसऱ्या युनिकोड फाँटमध्ये पाहावा. दोष नाहीसा झाल्यास तो पहिल्या फाँटचा समजावा. कायम राहिल्यास वर्णक्रम तपासावा. ‘र’, हलन्त व ‘य’ या क्रमाने रफार उमटतो; ‘ऱ’, हलन्त व ‘य’ या क्रमाने ‘ऱ्य’ मिळते. ‘र’ व हलन्त यांपुढे अदृश्य जोडचिन्ह देऊनही तीच आकृती दिसते. परंतु संगणकाच्या लेखी ही रूपे भिन्न असल्याने एका रूपाने शोधलेले नाव दुसऱ्या रूपात असल्यास सापडेलच असे नाही. यास्तव कार्यालयाने एकच रीत ठरवावी.

फाँट बदलूनही देवनागरी मजकूर तसाच राहिल्यास, जटिल लिपींसाठीच्या स्वतंत्र रकान्यात फाँट निवडावा. ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे उमटल्यास त्याच रकान्यात भाषा ‘मराठी’ नोंदवावी; फाँटमध्ये तशी सोय असल्यास मराठी वळण आपोआप येते. दस्तऐवज अन्यत्र पाठविताना, परवाना अनुमती देत असल्यास, फाँट त्यातच अंतर्भूत करावा.