सरकारी पत्र ‘पोचले’ म्हणजे काय?

शासन नागरिकाला पत्र लिहिते तेव्हा त्यावर कधी शिष्यवृत्ती, कधी दंड, तर कधी अपिलाची मुदत अवलंबून असते. म्हणून टपाल, ई-मेल आणि शासकीय डिजिटल टपालपेटी यांची तुलना करताना केवळ वेगाचा विचार पुरेसा नाही. पत्र पोचले असे कायदा केव्हा मानतो, हा आम्हांस मुख्य प्रश्न वाटतो.

टपालाबाबत आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ आहे. योग्य पत्ता व पुरेसे तिकीट असलेले नोंदणीकृत पत्र नेहमीच्या कालावधीत मिळाले, असे ते गृहीत धरते. परंतु विरुद्ध पुरावा देण्याची मुभाही ठेवते. ही मुभा लहान नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या घराला सहा-सहा महिने कुलूप असते.

ई-मेल पत्त्याला बांधलेला नाही, हा त्याचा गुण. मात्र पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय त्याच्या मूळ रचनेतच नव्हती. ती पुढे जोडली गेली. त्यामुळे कोणीही शासकीय कार्यालयाच्या नावाने फसवे पत्र धाडू शकतो आणि खरे पत्र नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडते.

डिजिटल टपालपेटीचा सर्वांत ठळक प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथे १५ वर्षे व त्यावरील नागरिकांना ‘डिजिटल पोस्ट’ सक्तीची आहे. कर खाते, नगरपालिका, रुग्णालय यांची पत्रे तीत येतात. पेटी राष्ट्रीय डिजिटल ओळखीनेच उघडते. ई-मेलवर येते ती फक्त ‘पत्र आले आहे’ एवढी सूचना. म्हणजे ई-मेल ही दारावरची घंटा. पत्र आत, सुरक्षित पेटीत. येथवर सारे उत्तम. पण पत्र पेटीत उपलब्ध झाले की ते पोचले असे मानले जाते. उघडले नाही, तरीही मुदत चालू होते. न वाचण्याचा सारा भार नागरिकावर येतो.

अर्थात सूट मिळते. संगणक हाताळू न शकणाऱ्यांना कागदी पत्र मागता येते. परंतु १६२४ पासून चालत आलेली तेथील टपालसेवा ३० डिसेंबर २०२५ रोजी पत्रे वाटण्याचे थांबली. आता सूट घेतलेल्यांची पत्रे खासगी कंपनीच्या हाती आहेत.

भारतातील डिजिलॉकर (२०१५) हे मुख्यतः प्रमाणपत्रांचे कपाट आहे, पत्रपेटी नव्हे. तथापि २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम १३ डेन्मार्कच्या नियमाशी जुळते : पत्र घेणाऱ्याने एखादी संगणकीय पेटी नेमून दिली असेल, तर अभिलेख तीत शिरताच तो मिळाला असे धरले जाते. अशी पेटी घराच्या कुलपावर मात करील खरी. मात्र मोबाईल क्रमांक बदलला की ओटीपी येत नाही आणि पेटीलाच कुलूप लागते. शहाण्यासुरत्या माणसांचाही क्रमांक बदलतो, मग फडावरच्या मजुराचे काय?

डेन्मार्कच्या व्यवस्थेतील एक तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. नागरिक आपली पेटी वाचण्याचा अधिकार नातेवाइकाला रीतसर देऊ शकतो. आपल्या वसतिगृहातील मुले सुटीत घरी गेल्यावर आईवडिलांसाठी हेच काम करतात, परंतु कोणत्याही अधिकारपत्राविना, ओटीपी विचारून.