मौन म्हणजे संमती : 'हरकती व सूचना' यांचा अभ्यास

तथागतांच्या भिक्खुसंघात कोणताही मोठा निर्णय एकट्याच्या मर्जीवर होत नसे. प्रथम ठराव मांडला जाई. त्याला ञत्ति म्हणत. उपसंपदेसारख्या कामी तो पुढे तीन वेळा संघापुढे घोषित होई. ज्यांना मान्य असेल त्यांनी शांत राहावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे, असा नियम होता. तिसऱ्या घोषणेनंतरही कोणी बोलले नाही, तर ठराव संमत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी संघाच्या या सभापद्धतीचा अभिमानाने उल्लेख केला होता.

या नियमात गप्प राहणाऱ्याचे मत 'होय' असे धरले जाते. आजच्या नगरपालिकांच्या कारभारातही व्यवहारात हेच घडते. फरक इतकाच की, संघात ठराव प्रत्येकाच्या समोर, कानावर पडेल असा मांडला जाई. आज तो राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापला जातो. आपल्या वस्त्यांत तो वाचला जातो मोजणीदार दारात उभा राहिल्यावर.

स्थानिक संस्थेच्या एका ठरावाने काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणी जाणत नाही. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या विधिमंडळातील ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव जसा होतो तसा तो फिरवताही येतो. म्हणून नगरपालिकेच्या कागदावर सतत नजर हवी.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. स्थायी समितीचे सदस्य व शासनाने नेमलेले तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. प्रभागांच्या सीमा बदलतानाही हरकती मागवल्या जातात. रस्ता कोठून जाणार, शाळेचे वा दवाखान्याचे आरक्षण राहणार की उठणार, विहाराची जागा नकाशावर दिसणार की मोकळा भूखंड म्हणून दिसणार, हे सर्व येथेच ठरते.

हरकतींचा उपयोग होत नाही, असे आपले काही बांधव म्हणतात. मुंबईचे उदाहरण पाहावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने आराखडा नव्याने करण्याचे आदेश दिले, २०१६ मध्ये सुधारित आराखडा आला आणि त्याला मंजुरी मिळाली ती २०१८ साली. सर्वांचे समाधान झाले असे नव्हे. परंतु छापलेला नकाशा मागे घ्यावा लागला.

आता अर्जाविषयी. हरकत म्हणजे काय नको ते. सूचना म्हणजे त्याऐवजी काय हवे ते. आपले अर्ज बहुधा पहिल्यावरच थांबतात. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आराखड्यातील नेमका बदल, त्याने किती घरांवर परिणाम होतो आणि पर्यायी जागा कोणती, एवढे लिहिले की अर्जाला वजन येते. भावना असावी, पण ती क्रमांकानंतर यावी. दोनशे सह्यांचे एकच पत्र देण्यापेक्षा घरटी एक अर्ज बरा. प्रत्येकाने 'मला सुनावणीस बोलवावे' असे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी आश्वासनाची नोंद कोठेही होत नाही.

सुनावणी बहुधा कामाच्या दिवशी असते आणि रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. तेव्हा वस्तीने आधीच ठरवून घ्यावे की कोण जाणार आणि त्याची मजुरी कोण भरून देणार. माताभगिनींना अवश्य पाठवावे. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. रविवारच्या वंदनेनंतर आठवड्यातील जाहीर सूचना विहारात मोठ्याने वाचाव्यात आणि शेवटची तारीख फळ्यावर लिहावी. सुनावणीनंतर काय निर्णय झाला ते कळले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. तो अर्ज लिहून देण्याचे कामही त्यांनीच अंगावर घ्यावे.