बर्फाआधीची बेगमी

लडाखच्या दक्षिण भागात, उंच पर्वतांच्या वेढ्यात झांस्कर नावाचे एक खोरे आहे. पदुम हे तेथील मुख्य गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,६०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक आहे. कारगिलहून तेथे जाणारा रस्ता पेन्सी ला नावाची खिंड ओलांडून जातो. ‘ला’ या शब्दाचा अर्थच तेथील भाषेत ‘खिंड’ असा आहे. ही खिंड सुमारे ४,४०० मीटर उंचीवर असून नोव्हेंबरच्या सुमारास ती बर्फाने भरून जाते, आणि मे-जूनपर्यंत मोकळी होत नाही. मोटारींचा हा रस्ता तयार झाला तो १९८० च्या सुमारास. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, एकदा पहिला मोठा बर्फ पडला की जे घरात असेल तेच खाऊन, जाळून आणि पांघरून सहा-सात महिने काढावयाचे, असा झांस्करवासीयांचा परिपाठ होता. त्यामुळे तेथील हिवाळ्याचे काम ऐन उन्हाळ्यात सुरू होई. दूरच्या खेड्यांत आजही ते तसेच चालते.

या कामाचा आरंभ घराच्या बांधणीपासूनच होतो. घराच्या खालच्या भिंती दगडाच्या व वरच्या उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या असतात. त्या इतक्या जाड असतात की खिडकीच्या कोनाड्यात एखादे मूल सहज बसू शकेल. छप्पर आपल्याकडील माळवदासारखे सपाट असते. वाळुंज आणि पॉप्लर या झाडांचे वासे टाकून त्यांवर काटक्या व माती पसरलेली असते. वरच्या मजल्यावरील खोल्या हवेशीर, पण त्या उन्हाळ्यापुरत्या. हिवाळा येताच सारे कुटुंब खालच्या एका अंधाऱ्या, ठेंगण्या खोलीत उतरते. चुलीची जागाही तीच, निजण्याची जागाही तीच. तिच्या भोवती गुरांचे गोठे असतात. जनावरांच्या अंगची ऊब भिंतीतून आत येते आणि माणसांना मिळते. हे प्रथम ऐकणारा नाक मुरडील; पण बाहेर पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली गेला असता त्या उबेचे मोल कळते.

उन्हाळ्यात घरातील काही स्त्रिया व मुले गुरे घेऊन उंचावरील कुरणांत जाऊन राहतात. तेथे दूध घुसळून लोणी काढतात, ताकापासून निघालेला चोथा उन्हात वाळवून त्याचे दगडासारखे कठीण तुकडे करतात. त्यांना ‘छुर्पे’ म्हणतात. लोणी कातडी पिशव्यांत भरून ठेवले की थंड हवेत ते दीर्घकाळ टिकते. पण कुरणातील सर्वांत महत्त्वाचे पीक वेगळेच असते, आणि ते म्हणजे शेण! झांस्करमध्ये रान जवळजवळ नाहीच. लाकूड इतके दुर्मिळ की ते चुलीत घालणे म्हणजे घराचे वासे जाळण्यासारखेच. म्हणून शेणाचा एकेक पो उचलून वाळवितात व पाठीवरच्या टोपल्यांतून घरी आणतात. माळवदाच्या कडेने या गोवऱ्या, काटेरी झुडपे आणि वाळलेली वैरण यांची जी उंच रास रचलेली दिसते, तिला पाहून घर सधन की गरीब हे ओळखता येते.

ऑगस्ट-सप्टेंबरात सातू कापणीला येतो. वर्षातून एवढे एकच पीक. मळणी झाली की सातू भाजून पाणचक्कीवर दळावयाचा असतो, आणि येथे मोठी घाई उडते. पाणचक्की ओढ्याच्या पाण्यावर चालते. ओढा गोठला की चक्की थांबली! भाजलेला सातू मग कोठीत कितीही असला तरी त्याचे पीठ होणे कठीण. म्हणून गावातील घरे पाळीपाळीने दळतात आणि आपली पाळी आली असता रात्रीही चक्कीपाशी जागतात. हे पीठ चहात वा ताकात कालवून खाल्ले की झाले. ते पुन्हा शिजवावे लागत नाही, म्हणजे सरपण वाचते. बटाटे, मुळे, सलगम ही कंदमुळे जमिनीत पेव खणून त्यात पुरतात. पेवात ती गोठत नाहीत. पालेभाज्या वाळवून ठेवतात. मीठ पूर्वी पूर्वेकडील चांगथांगच्या खाऱ्या सरोवरांवरून येई. तेथील मेंढपाळ मीठ देत व बदल्यात सातू नेत.

कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोट भरतात, तसेच हे, असे वाटेल. परंतु एका गोष्टीत येथील हिशेब फार कठोर आहे. तो हिशेब वैरणीचा. शरद ऋतूच्या अखेरीस घरातील वडील माणसे माळवदावर चढून वैरणीची रास नीट पाहतात. एका गायीला दिवसाला किती पेंढ्या लागतील, दिवस किती, जनावरे किती? गुणाकार जुळला नाही तर जनावरे कमी करणे एवढाच मार्ग उरतो. वैरण बाहेरून येणार नाही, आणि सर्वांना थोडी थोडी दिली तर एप्रिलात सारीच दगावतील. जी म्हातारी जनावरे हिवाळा काढणार नाहीत, त्यांची निवड करावी लागते. त्यांचे मांस थंडीनेच गोठून टिकते व घराला पुरते. ज्यांनी ती वासरापासून वाढविली, त्या माणसांना हा निर्णय सोपा जात नाही. तरी तो त्यांना दर वर्षी घ्यावा लागतो.

एक वस्तू मात्र पाहुण्याला कधीच सुचणार नाही. ती म्हणजे माती. जमीन गोठून दगड होण्यापूर्वी कोरड्या मातीचे ढीग घरात आणून टाकतात. तेथील शौचगृहे पाण्यावाचून चालणारी असतात. रोज त्यांत माती व राख टाकतात आणि वसंतात त्याचे उत्तम खत निघते. या मातीचा आणखीही एक उपयोग आहे. तो पुढे येईल.

बर्फ पडू लागला की घरातील धडधाकट माणसे लाकडी फावडी घेऊन माळवदावर चढतात. रात्री पडला तर पहाटे, पुन्हा पडला तर पुन्हा. याचे कारण गणिताने समजेल. समजा, छप्पर १० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे आणि त्यावर ३० सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ साचला आहे. त्याचे आकारमान २४ घनमीटर झाले. असा बर्फ एका घनमीटरला १०० किलोग्रॅम धरला, तर छपरावर २,४०० किलोग्रॅम भार आला! दाबला गेलेला वा ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट जड असतो. शिवाय तो वितळला तर पाणी मातीतून झिरपून खाली येणार. आळस केलेल्या घराचे वासे करकरू लागतात.

आत मात्र दिवस संथ जातात. सूत कातणे, लोकर विणणे, आजीच्या गोष्टी, गावकीचे सणसमारंभ. चुलीजवळची जागा वृद्धांची. गोवऱ्या किती जाळावयाच्या हे बहुधा घरची कर्ती स्त्री ठरविते, आणि जानेवारीत ती जरा कठोरच असते. बर्फ वितळवून पाणी करावयाचे तर इंधन फार खर्ची पडते, म्हणून जवळ झरा असेल तर बर्फ फोडून पाणी भरणेच परवडते. सन १८२३-२४ चा हिवाळा अलेक्झांडर चोमा द कोरोश या हंगेरियन विद्वानाने झांस्करमधील झांगला येथे काढला. सुमारे नऊ फूट लांब-रुंद खोली, विस्तव नाही, अंगावर मेंढीचे कातडे, अशा स्थितीत एका लामाजवळ तो तिबेटी भाषा शिकत राहिला. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. अशा खोलीत पान उलटण्यासाठी हात बाहेर काढणे हेही धाडसच म्हणावे लागेल.

जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदी गोठते आणि तिच्या पाठीवरून एक वाट तयार होते. हीच ‘चादर’. या वाटेने माणसे लोणी विकावयास लेहकडे जात. लेहच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना त्यांचे वडील याच वाटेने बोटाला धरून पोहोचवीत. बर्फ कोठे पातळ आहे हे काठीच्या आवाजावरून ओळखावे लागे. मार्च २०२४ मध्ये निम्मू, पदुम व दार्चा यांना जोडणारा रस्ता सलग झाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शिंकू ला खिंडीखालील बोगद्याच्या कामाला आरंभ झाला. निम्मूकडील भाग नदीच्या घळीतून जात असल्याने चादरीवाचून लेहला जाण्याचा मार्ग खुला झाला आहे. भाजी व औषध आता पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते. तरी हिमकडे कोसळून वाट बंद होतेच, आणि माळवदावरील गोवऱ्यांची रास अद्याप कोणी मोडलेली नाही.

मार्च संपत येतो. कोठी जवळजवळ रिकामी, वैरण थोडीच उरलेली, पण शेतात अजून गुडघाभर बर्फ. पांढरा बर्फ सूर्याचे बरेचसे किरण परतवून लावतो, म्हणून तो लवकर वितळत नाही. आणि पेरणीला उशीर झाला तर पुढचा सातू पिकण्यापूर्वीच थंडी येईल. अशा वेळी स्त्रिया टोपल्या घेऊन घराबाहेर पडतात. टोपल्यांत शरद ऋतूत साठविलेली ती माती असते. ती मूठ मूठ घेऊन त्या बर्फावर भिरकावीत चालतात. काळी माती ऊन शोषून घेते व तिच्याखालचा बर्फ आधी वितळतो. काही दिवसांत पांढऱ्या शेतावर काळे ठिपके मोठे होत जातात, एकमेकांना मिळतात, आणि एका सकाळी ओली जमीन दिसू लागते.