‘आई, तू मरणार नाहीस ना?’

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा रोज झोपताना हेच विचारतो. नको नको ते विचार येतात म्हणून रडतो. काय करू?

उत्तर : ‘असलं मनात आणू नकोस’ एवढं मात्र म्हणू नका. दाबलेला विचार उलट उसळून येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांना तेच अस्वल आठवत राहिलं. मुलाला सांगा, असे विचार पुष्कळांना येतात. ते आले म्हणून तसं घडत नाही, आणि तू वाईटही ठरत नाहीस. दिवेलागणीला दहा मिनिटं यावर बोला. रात्री पुन्हा विचारलं तर ‘हा तोच काळजीचा विचार, उद्या बोलू’ म्हणत पाठीवरून हात फिरवा. शपथा घेत बसू नका, त्यानं पुन्हा पुन्हा विचारणं वाढतं. सतत हात धुणं, मोजून उशी थोपटणं दिसलं किंवा आठवडेच्या आठवडे झोप उडाली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा.