तीन प्रश्न, अकरा गुण: आजोबांचा तोल तपासूया

पालकहो, वसई-विरारमध्ये नातवंडांना शाळेत सोडणारे आजोबा रोज दिसतात. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स असेल, तर पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचा धोका किती, याचा अंदाज तीन प्रश्नांवरून येतो.

१. गेल्या वर्षभरात पडले का? ('हो'ला ६ गुण)
२. महिन्याभरात चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले का? (३ गुण)
३. नेहमीच्या चालीने ४ मीटर जायला ३.६ सेकंदांहून जास्त लागतात का? (२ गुण)

बेरीज ० आली तर धोका कमी, २ ते ६ मध्यम, ८ ते ११ जास्त. 'हो' आलं की डॉक्टरांना सांगाच. अंतर आणि वेळ मुलांना मोजू द्या. वेगाचं गणितही होईल. मात्र आजोबांच्या शेजारी मोठं माणूस हवं. पाय अडकले तर ओढू नका. थांबा, एक-दोन मोजा, फरशीच्या रेघेवर पाऊल टाकायला सांगा.