शाळेचा ग्रुप आणि कायदा

आता गावोगाव शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. उद्या सुट्टी आहे, परवा पालकांची सभा आहे, हे सारे त्यावर कळते. हा मोठा उपयोग आहे. पण त्याच ग्रुपवर घाईने टाकलेला एक फोटो एखाद्या लेकराचे जन्माचे नुकसान करतो. टाकणाऱ्यालाही पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. ते कसे, हे या धड्यात पाहू.

असे समजा, एका गावच्या शाळेत दोन मुलांची मारामारी झाली. एकाचे डोके फुटले. पोलीस आले. चौकशी सुरू झाली. मारणारा मुलगा १४ वर्षांचा होता. कोणीतरी मारामारीचा व्हिडिओ काढला होता. तो आबांच्या मोबाइलवर आला. आबा शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. पारावर गुरुजी भेटले, तेव्हा आबा म्हणाले,

"गुरुजी, हा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकतो. खाली पोराचं नाव लिहितो, बापाचंही लिहितो. कळू दे साऱ्या गावाला!"

"थांबा आबा, टाकू नका. तो गुन्हा होईल."

"आँ? डोकं फोडलं त्या पोरानं, आन् गुन्हेगार मी?"

"त्याने केले ते वाईटच. त्याचा निवाडा बाल न्याय मंडळ करील. पण २०१५ सालचा बाल न्याय कायदा काय म्हणतो, ते ऐका. १८ वर्षांच्या आतल्या मुलाची अशी चौकशी चालू असेल, तर त्याचे नाव, पत्ता, फोटो, शाळा, ओळख पटेल अशी कोणतीही खूण उघड करायची नाही. ज्याला मार लागला, त्याचीही नाही. ज्या मुलाने पाहिले आणि साक्ष दिली, त्याचीही नाही. हे मोडले तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

"शाळेचं नावसुद्धा नाही?"

"आपले गाव केवढे? शाळेचे नाव घेतले, की पोर कोणाचे ते लगेच कळते."

"पण लपवायचं कशाला म्हणतो मी!"

"आबा, मूल चुकते आणि मूल सुधारतेही. म्हणून काही फार गंभीर गुन्हे सोडले, तर मुलाच्या दोषाचे कागद मुदतीनंतर नष्ट करावेत, असे तोच कायदा सांगतो. सरकार आपला कागद नष्ट करील. पण शंभर मोबाइलांतला व्हिडिओ कोण नष्ट करणार? दहा वर्षांनी हे पोर नोकरीला जाईल, लग्नाला उभे राहील. तेव्हा कोणीतरी तोच व्हिडिओ काढून दाखवील."

आबा गप्प झाले. शेजारच्या काकू ऐकत होत्या. त्यांची मुलगी सातवीत आहे. त्यांनी विचारले,

"गुरुजी, एखाद्या पोरीशी कोणी वंगाळ वागलं, तर? तवाही गप्पच बसायचं का?"

"मुळीच नाही, काकू! तिथे गप्प बसणे हाच गुन्हा आहे. २०१२ सालचा पोक्सो कायदा आहे. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या प्रमुखाने कळवले नाही, तर १ वर्षापर्यंत. मात्र सांगायचे ते पोलिसांना. ग्रुपवर मुलीचे नाव, फोटो, घर किंवा शाळा उघड करणे हाही गुन्हा आहे. न्याय मिळावा म्हणून टाकले, तरी नाचक्की त्या लेकराचीच होते."

गुरुजी पुढे म्हणाले, "मुलांची अश्लील चित्रे कोणी पाठवली, तर हसण्यावारी नेऊ नका. ती पुढे पाठवली, तर पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नुसती जपून ठेवणेही अंगाशी येते."

आबांना काळजी लागली. "ग्रुप तर मी काढलाय. दुसऱ्यानं काही टाकलं, तर मला धरतील का?"

"मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली याचा निकाल दिला आहे. तुमचा त्यात हात नसेल, तर केवळ ग्रुप चालवता म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. तरीही असे काही दिसले, की पाठवणाऱ्याला समज द्या आणि पोलिसांना कळवा."

"मग शाळेची तक्रारही लिहायची नाही?" काकू म्हणाल्या.

"लिहा की! छप्पर गळते, खिचडी कच्ची असते, हे खरे असेल तर जरूर लिहा. २०१२ साली पालघरला फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन मुलींना अटक झाली होती. तेव्हा लावलेले ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. आपले मत मांडण्याचा हक्क सर्वांना आहे. पण कोणा शिक्षकावर खोटा आळ घेतला, तर ती अब्रूनुकसानी होते. तिला २ वर्षांपर्यंत साधी कैद आहे."

आबांनी तो व्हिडिओ ठाण्यात नेऊन फौजदारांना दाखवला. ग्रुपवर मात्र एवढेच लिहिले : 'चौकशी चालू आहे. कोणीही मुलांचे नाव किंवा फोटो टाकू नये.'

ध्यानात ठेवा

१. मुलाचे नाव किंवा फोटो पुढे पाठवण्याआधी थांबा.
२. मुलावर संकट आले, तर १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा.
३. पुरावा पोलिसांना दाखवा. तो गावभर फिरवू नका.

सांगा पाहू

१. गुरुजींनी आबांना का थांबवले?
२. शाळेचे नाव उघड केल्याने काय होते?
३. तुमच्या मोबाइलवर असा व्हिडिओ आला, तर तुम्ही काय कराल?